फेरीमागे शंभर रुपये: स्नायूंच्या आजारावरच्या संशोधनासाठी रात्रभर रिले, एक प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. साखर कारखाना, दोन कॉलेजं, पोलीस भरतीच्या तीन अकॅडम्या, आणि एक पतसंस्था जिचं नाव गावातल्या प्रत्येक बॅनरवर असतं. गावाचं नाव देत नाहीये, माणसांची पण नाही, एक-दोन तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत. का ते पुढं कळेलच. मी हिशेबाच्या टेबलावर होतो, त्यामुळं खालचं बरंचसं तिथूनच बघितलेलं आहे.

ताई बँकेत नोकरीला, वय पस्तिशीच्या आसपास. तिचा त्रास सुरू झाला तो चप्पल निसटण्यापासून. चालता चालता डाव्या पायातली चप्पल मागं राहायची आणि ही चार पावलं पुढं. मग सपाट रस्त्यावर ठेचा लागायला लागल्या. जिना मात्र व्यवस्थित चढायची, त्यामुळं घरचे म्हणायचे तुझं लक्षच नसतं. मणक्याचा एमआरआय झाला, नस दबलीये असं निदान झालं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, आणि बऱ्याच वर्षांनी पुण्यात एका न्यूरोलॉजिस्टनी जेनेटिक टेस्ट करायला लावली तेव्हा नाव कळलं, जीएनई मायोपॅथी.

आजार दुर्मिळ आहे, दहा लाखांत जेमतेम काही जणांना होतो. शरीरात सियालिक ॲसिड तयार करायला जे एन्झाइम लागतं त्याच्या जीनमध्ये दोष असतो. विशी-तिशीत पंजा वर उचलणारे स्नायू आधी जातात, मग हळूहळू बाकीचे, आणि बऱ्याच जणांना दहा-वीस वर्षांत व्हीलचेअर लागते. मांडीचा पुढचा मोठा स्नायू मात्र खूप काळ शाबूत राहतो, ताईला जिना चढता येत होता तो त्याच्याच जिवावर. जपानमध्ये नोनाका यांनी १९८१ मध्ये याचं वर्णन केलं, १९८४ मध्ये इस्रायलमध्ये इराणी ज्यू कुटुंबांत तो सापडला, जीन २००१ मध्ये हाती लागला. आपल्याकडच्या पेशंटांमध्ये एकच ठरावीक म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, पुन्हा पुन्हा सापडतं, म्हणजे कधीकाळी एका पूर्वजाकडून आलेलं आणि जातीतल्या जातीत लग्नं करून टिकून राहिलेलं.

ताईचा मोठा भाऊ, दादा, गावातल्या रनिंग ग्रुपचा. त्याच्या डोक्यात आलं की रिले करू, पैसे जमवू आणि या आजाराच्या संशोधनाला देऊ. ग्रुपमध्ये एक रिटायर्ड पीटी सर होते, ते म्हणाले कर, ग्राउंड मी मिळवून देतो.

अडचण

सगळ्यांना वाटलं होतं की अवघड काम धावण्याचं. प्रत्यक्षात पहिली मीटिंग तीन तास चालली आणि त्यात धावण्याबद्दल कुणी बोललंच नाही.

पहिला प्रश्न, चेहरा कुणाचा? गावात पैसे जमतात ते फोटोवर. लहान मुलाचा फोटो, हात जोडलेली आई, खाली क्यूआर कोड. ताई म्हणाली माझा फोटो लावा, मला काय त्याचं. पण काकू, म्हणजे तिची आई, ठाम नाही म्हणाल्या. घरात चुलत बहिणी लग्नाच्या होत्या. आजार रिसेसिव्ह आहे, आई आणि वडील दोघांकडून दोषी जीन आला तरच होतो, एकाकडूनच आलेला, म्हणजे नुसता कॅरिअर असलेला माणूस ठणठणीत असतो, हे सगळं समजावून सांगितलं तरी काकूंचं एकच, “हे तुम्ही मला सांगताय, स्थळ बघायला येणाऱ्यांना कोण सांगत बसणार?” आणि खरं सांगायचं तर त्यांचं चुकत नव्हतं. त्याच समाजातली आणखी दोन घरं आम्हाला माहीत होती जिथं असाच त्रास होता, त्यांनी तर आमचा उल्लेखही नको म्हणून निरोप पाठवला.

दुसरा प्रश्न, पैसे नेमके कशाला? ‘संशोधन’ म्हणलं की लोकांना औषध दिसतं. या आजारात औषधाची गोष्ट गुंतागुंतीची आहे. सियालिक ॲसिडच्या गोळीची मोठी ट्रायल २०१७ मध्ये फसली, गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. तरी जपानने २०२४ मध्ये तशाच गोळीला मंजुरी दिली. आजार इतका हळू वाढतो की वर्षभरात फरक मोजणंच कठीण, म्हणून पेशंटांची नोंदणी, दर वर्षी कुठल्या स्नायूची ताकद किती कमी झाली याचं मोजमाप, हे आधी व्हायला लागतं. आता हे किराणा दुकानदाराला दोन मिनिटांत कसं सांगायचं? “तुमच्या पैशातनं पोरं पेशंटच्या पायाची ताकद मोजणार” म्हणलं की समोरचा म्हणतो, “मग बरं कोण करणार?”

आणि तिसरा, धावणार कोण? परदेशात जो धावतो तोच आपल्या मित्रांकडनं पैसे मागतो. आमच्याकडं धावणारी होती भरतीची पोरं. पहाटे पाचला ग्राउंडवर सोळाशे मीटरचा सराव करणारी, घरची शेती कोरडवाहू, खिशात चहाचे पैसे नाहीत, ती कुणाकडं पाच हजार मागणार.

पर्याय

मार्गाबद्दल दोन मतं होती. दादाला हायवेनं पुण्यापर्यंत रिले न्यायची होती, पेपरात बातमी येईल, वाटेतल्या गावांत सत्कार होतील. पीटी सर म्हणाले खंबाटकी घाटात रात्री ट्रकच्या पुढं मी कुणाचं पोरगं पळवणार नाही. सरांचं बरोबर होतं, शिवाय हायवेवर पेशंट कुठं बसणार? ज्यांच्यासाठी चाललंय तेच घरी, हे ताईला पटेना. म्हणून कॉलेजचं ग्राउंड, चारशे मीटरचा मातीचा ट्रॅक, संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, दहा जणांच्या बारा टीम, आणि बॅटन एकदाही खाली पडू द्यायचा नाही.

पैसे कुणाच्या नावावर घ्यायचे यावर जास्त वेळ गेला. गणपती मंडळातली पोरं लगेच म्हणाली, त्यात काय, धर्मादाय आयुक्तांकडनं वर्गणी गोळा करायची, कलम ४१ क ची परवानगी काढू, दरवर्षी काढतोच की. ते चाललं असतं, पण त्यात देणगीदाराला ८०जी, म्हणजे देणगीवरची करातली वजावट, मिळत नाही आणि लाखांत रक्कम ग्रुपच्या खात्यावर पडून राहणार, उद्या दोघांचं भांडण झालं तर काय. स्वतःचा ट्रस्ट काढायचा तर निदान सहा-आठ महिने, आणि एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी आयुष्यभराचं ऑडिट गळ्यात. क्राउडफंडिंगच्या साइटवर टाकायचं तर पुन्हा चेहरा आणि हॉस्पिटलचं बिल मागतात.

शेवटी दोन वाटा ठरल्या. मोठी रक्कम देणाऱ्यांनी थेट सरकारी संशोधन संस्थेच्या खात्यावर, प्रोजेक्टचं नाव लिहून. छोटी रक्कम दुसऱ्या शहरातल्या पेशंटांच्या एका नोंदणीकृत ट्रस्टला, जो रजिस्ट्री, म्हणजे पेशंटांची नोंदणी, चालवतो. सगळं ट्रस्टकडंच घेऊन पुढं संस्थेला पाठवणं सोपं वाटत होतं, पण एका धर्मादाय संस्थेनं दुसरीला दिलेल्या देणगीतली ८५ टक्केच रक्कम करासाठी देणारीचा खर्च म्हणून धरतात, सीएने ते सांगितल्यावर तो विषय मिटला. ग्रुपच्या हातात एक रुपया येणार नाही, हा नियम दादानं घातला आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात चांगला निर्णय.

८०जी बद्दल एक. आम्ही पत्रकावर ते ठळक छापलं होतं, पण नवीन कर पद्धतीत ही वजावट मिळतच नाही आणि आता बहुतेक पगारदार तिकडंच गेलेत. बँकेतल्या लोकांनीच ते हसत हसत दाखवून दिलं. दिले मात्र त्यांनी.

काय केलं

धावणारा वेगळा आणि पैसे देणारा वेगळा असं ठरलं. प्रत्येक टीमला दोन-तीन दुकानदार जोडले, मेडिकलवाला, खतवाला, हार्डवेअरवाला. त्यांनी फेरीमागे ठरावीक रक्कम द्यायची, कुणी २० रुपये, कुणी ५०, कुणी १००. एका कागदावर सही. ग्राउंडचा खर्च, म्हणजे मांडववाल्याचे हॅलोजन, जनरेटर, ॲम्ब्युलन्स, केळी, चिक्की, सकाळचे पोहे, हे सगळं पतसंस्थेनं उचललं, त्यामुळं देणगीतलं काही कापायचं नव्हतं. मेडल नाही. टी-शर्टवरून जोरदार वाद झाला, शेवटी टी-शर्ट पण नाही, टीमप्रमाणं रंगीत फिती. पोरं नाराज झाली, पण तेवढ्या पैशात संस्थेतली बरीच केमिकल्स येतात हे डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि स्पीकरवर लावून सगळ्यांना ऐकवलं.

बॅनरवर माणूस नाही. नुसती एक निसटलेली चप्पल, आणि खाली “सपाट रस्त्यावर वारंवार ठेच लागते? न्यूरोलॉजिस्टला विचारा”. ही कल्पना ताईची. फ्लेक्सवाला म्हणाला चपलेच्या दुकानाची जाहिरात वाटतीये, आणि खरंच दोघांनी फोन करून भाव विचारला. पण तोच बॅनर लोकांच्या लक्षात राहिला.

डबे ठेवायचे नाहीत असं ठरवलं. निनावी देणगी मर्यादेच्या पुढं गेली की ट्रस्टला ३० टक्के कर बसतो, आणि दुकानातल्या डब्यात किती आले आणि किती निघाले हे कुणालाच कळत नाही.

अमेरिकेतनं पण फोन आले. न्यू जर्सीत दादाचे दोन मावसभाऊ, दोघांना पैसे द्यायचे होते. एकाचा पासपोर्ट अजून भारतीय, त्याचे घेता आले. दुसरा तिकडचा नागरिक झालेला, त्याचा पैसा परदेशी देणगी धरला जातो आणि ट्रस्टकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी नोंदणी, नव्हतं, त्याला नाही म्हणलं. तो भडकला, “मी काय परका आहे का?” त्याला कायदा समजावताना दादाचा अर्धा रविवार गेला.

एका स्थानिक पुढाऱ्यानं रिलेच्या दिवशी मोफत रक्ततपासणी शिबिर ठेवू म्हणून निरोप धाडला, जीनची टेस्ट, मंडप त्यांचा. गर्दी नक्की झाली असती. संस्थेतल्या डॉक्टरांनी सरळ नकार दिला, एथिक्स कमिटीची मंजुरी नाही, समुपदेशन नाही, आणि उद्या एखाद्या लग्नाच्या मुलीचा कॅरिअर असल्याचा कागद गावात फिरला तर जबाबदार कोण. पुढारी त्या रात्री फिरकले नाहीत. काही बिघडलं नाही.

रिलेच्या आधीचा आठवडा

इथं खरी परीक्षा झाली. एका उत्साही कार्यकर्त्यानं, नाव नको, चांगल्या मनाचा पोरगा, स्वतःच्या डोक्यानं व्हॉट्सॲपवर मेसेज सोडला, “जपानमध्ये औषध सापडलंय, आपल्या गावच्या ताईला वाचवायला ते आणायचंय, दहा जणांना पाठवा”. खाली ट्रस्टचा क्यूआर. दोन दिवसांत मराठवाड्यापासून मुंबईपर्यंत फिरला आणि लाखाच्या आसपास रक्कम आली, शंभर-दोनशेच्या तुकड्यांत.

मीटिंगमध्ये दोन बाजू पडल्या. एक म्हणे पैसा त्याच आजारासाठी चाललाय ना, मग राहू दे, कोण विचारतंय. दुसरी बाजू ताईची, ती म्हणाली माझ्या नावावर औषध म्हणून घेतलेत, मी औषध घेणार नाहीये, हे खोटं आहे. वर आणखी एक धोका होता, ‘ताई’ या शब्दावरून गावातल्या लोकांनी अंदाज बांधायला सुरुवात केली होती.

ठरलं असं की ट्रस्टनं त्याच क्यूआरच्या खाली दुसरा मेसेज काढायचा, पैसे संशोधनाला आहेत, कुणा एकाच्या उपचाराला नाहीत, परत हवे असतील तर कळवा. ज्यांचा फोन किंवा ईमेल सापडला त्यांना वेगळं कळवलं. युपीआयवर नाव दिसतं पण माणूस सापडतोच असं नाही, त्यामुळं सगळ्यांपर्यंत पोचलो नाही. जवळजवळ तिसरा हिस्सा परत गेला. ट्रस्टचा माणूस वैतागला होता, शंभर-दोनशेच्या परताव्यांची एंट्री करत बसायचं म्हणजे काय. मला अजूनही वाटतं हे बरोबरच झालं, पण कार्यकर्त्याला आधीच एक ठरलेला मजकूर हातात दिला असता तर ही वेळच आली नसती.

ती रात्र

जानेवारीची थंडी. फक्कीच्या रेघा, कोपऱ्यात शेकोटी, दहानंतर स्पीकर बंद कारण नियमच आहे, मग नुसता पावलांचा आणि शिट्टीचा आवाज. फेऱ्या मोजायला कॉलेजच्या पोरी, प्रत्येक टीमला दोन, पाच-पाचच्या जुड्या मारत. दोघी वेगवेगळ्या वहीत लिहायच्या आणि दर तासाला ताळा करायच्या. ही पद्धत पीटी सरांची, आणि पुढं तीच कामाला आली.

रात्री आठला सगळ्या बायकांची एक चालण्याची फेरी ठेवली होती. चाळीसेक जणी, त्यात ताई. कुणी ओळख करून दिली नाही, माइकवर काही नाही. ती पायात ब्रेस घालून चालत होती, गुडघा जरा जास्त वर उचलून, पंजा मातीला घासू नये म्हणून, तसं चालणं एकदा माहीत झालं की लांबून ओळखू येतं. त्या गर्दीत आणखी एक बाई तशीच चालताना मला दिसली. तिला आम्ही कुणीच ओळखत नव्हतो.

आता धावण्याचं. दुकानदारांनी अंदाज केला होता की रात्रभरात पोरं शंभर-दीडशे फेऱ्या मारतील. हा अंदाज आला कुठून तर स्वतःवरून. भरतीची पोरं एक फेरी मारून बॅटन देतात, नऊ फेऱ्या आराम, पुन्हा ताजी. पावणेदोन मिनिटाला एक फेरी धरली तरी बारा तासांत चारशेच्या वर जातात. पहाटे चारला खतवाला ग्राउंडवर आला, फळ्यावर ३४० बघितलं, फेरीमागे १०० त्याचे, आणि मला म्हणाला, “साहेब, पोरांना जरा चहाबिहा पाजा की, दमली असतील.” पोरं काय थांबतात. सगळ्यात पुढची टीम ४१८ वर थांबली.

निकाल

कागदावर फेऱ्यांची वर्गणी सात लाखांच्या घरात गेली. हातात आली निम्मी. काहींनी पूर्ण दिले, हार्डवेअरवाल्यानं तर एक शब्द न बोलता चेक आणून दिला. काहींनी मोजणीवरच शंका घेतली, तिथं दोन वह्यांचा ताळा दाखवला की गप्प. खतवाल्याला एक्केचाळीस हजारांच्या वर द्यायचे होते, त्यानं पंधरा दिले आणि दोन महिने आमच्या गल्लीतून जायचं टाळलं. पाठीमागे लागायचं नाही असं दादानं ठरवलं. गावात राहायचंय, खत पण त्याच्याकडूनच घ्यायचंय.

थेट देणग्या चार लाखांच्या आसपास, बँकेतले सहकारी, पुण्या-मुंबईचे नातेवाईक. एकूण साधारण साडेसात लाख. साडेचार लाख संस्थेकडं, तीन ट्रस्टच्या रजिस्ट्रीकडं. संस्थेकडचे साडेचार लाख म्हणजे किती होतात? ज्युनिअर रिसर्च फेलोला महिन्याला ३७ हजार स्टायपेंड असतो, म्हणजे घरभाडं सोडून एका पोराचं किंवा पोरीचं एक वर्ष. बस. एवढी रात्र, एकशेवीस पोरं, आणि एक वर्षाचा एक संशोधक. दादाला हा आकडा ऐकून वाईट वाटलं होतं, ताईला अजिबात नाही, ती म्हणाली आत्तापर्यंत शून्य होता की.

एक गोष्ट कुणीच हिशेबात धरली नव्हती. त्या चपलेच्या बॅनरमुळं पुढच्या काही आठवड्यांत बरेच फोन आले. बहुतेकांची शुगर किंवा मणकाच निघाला असणार. पण दोन घरं ट्रस्टमार्फत न्यूरोलॉजिस्टपर्यंत गेली आणि रजिस्ट्रीत आली. लग्न ठरलेल्या एका मुलानं विचारलं मी टेस्ट करू का, कारण दोघांकडं त्याच समाजाचे लोक. याला उत्तर द्यायला आमच्याकडं कुणी नव्हतं, जेनेटिक समुपदेशकाचा नंबर शोधून द्यायलाच चार दिवस गेले.

पुन्हा करायचं झालं तर

वर्गणीच्या कागदावर वरची मर्यादा हवी. “फेरीमागे १०० रुपये, जास्तीत जास्त २० हजार” एवढी एक ओळ असती तर खतवाला पण खूश आणि आम्ही पण. शक्य तर निम्मी रक्कम आधीच घ्यायची.

समुपदेशकाशी बोलणं रिलेच्या आधी करायचं, नंबर बॅनरवरच टाकायचा. लोकांना लक्षण सांगायचं आणि पुढची वाट सांगायची नाही, हे मला अर्धवट वाटतं.

मेसेजचा मजकूर एकच, ट्रस्टनं मंजूर केलेला, आणि त्यात ‘वाचवा’ हा शब्द नको.

चेहऱ्याबद्दल अजून एकमत नाही. दादाचं म्हणणं आहे की फोटो असता तर दुप्पट आले असते, आणि कदाचित तो बरोबर असेल. काकूंचं मत बदललेलं नाही. चुलत बहिणींपैकी मोठीचं लग्न अजून व्हायचंय, तोवर हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय, आणि पुढच्या जानेवारीच्या बॅनरसाठी फ्लेक्सवाल्याला पुन्हा चप्पलच सांगितलीये, यावेळी खाली मोठ्या अक्षरात “हे दुकान नाही” असं लिहून.